तिसऱ्या शतकातलं रोम: गोष्टी नंतर वाचा, आधी तारीख असलेल्या वस्तू बघा

प्रश्न असा आलाय: "रोमच्या तिसऱ्या शतकातल्या संकटावर वाचायला घेतलंय. एकीकडे ५० वर्षांत २० सम्राट, दुसरीकडे २६, तिसरीकडे तीसच्या वर. एक जण म्हणतो साम्राज्य मोडलंच होतं, दुसरा म्हणतो संकट वगैरे काही नव्हतं. कोणावर विश्वास ठेवायचा? आणि नीट अभ्यास करायचा तर लॅटिन आलंच पाहिजे का?"

गेली सतरा-अठरा वर्षं मी याच काळातली नाणी आणि शिलालेख बघतोय, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आधी आकड्यांचं बघू. काळ ठरलेला आहे. इ.स. २३५ मध्ये आताच्या जर्मनीतल्या माइन्त्सजवळ सैनिकांनी सेव्हेरुस अलेक्झांडर या तरुण सम्राटाला त्याच्या आईसकट मारलं तिथून सुरुवात, आणि २० नोव्हेंबर २८४ ला डायोक्लेशियनला सैन्याने सम्राट केलं तिथे शेवट. म्हणजे पन्नासला थोडी कमी वर्षं. आता यात सम्राट किती हे तुम्ही 'सम्राट' कोणाला म्हणता त्यावर आहे. सिनेटने मान्यता दिली तोच का? रोम शहर ज्याच्या ताब्यात होतं तोच का? की एखाद्या प्रांतात सैन्याने खांद्यावर जांभळा झगा टाकला आणि ज्याने महिनाभर का होईना स्वतःच्या नावाची नाणी पाडली तोही? फक्त २३८ या एका वर्षात सहा नावं येतात, मॅक्सिमिनुस, पहिला आणि दुसरा गॉर्डियन, पुपिएनुस, बाल्बिनुस आणि शेवटी तेरा वर्षांचा तिसरा गॉर्डियन. त्यातले पहिले दोन गॉर्डियन बाप-लेक, आफ्रिकेत कार्थेजला जेमतेम तीन आठवडे टिकले, पण सिनेटने त्यांना मान्यता दिली होती म्हणून ते यादीत येतात, आणि पुढे गॉलमध्ये, म्हणजे साधारण आताच्या फ्रान्समध्ये, जवळजवळ नऊ वर्षं राज्य केलेला पोस्टुमुस मात्र बऱ्याच याद्यांत येत नाही कारण रोम कधी त्याच्या हातात आलंच नाही. त्यामुळे तुम्हाला दिसलेले पहिले दोन आकडे आपापल्या व्याख्येनुसार निघतात, आणि कोणी व्याख्या न सांगता नुसता आकडा फेकला तर पुढचं जरा जपूनच वाचा.

तीसचा आकडा मात्र वेगळ्या कारणाने येतो, आणि तिथेच या काळाची खरी अडचण कळते.

अडचण अशी की त्या काळात बसून कोणी लिहिलेला सलग इतिहास आपल्याकडे नाहीच. कॅसियस डिओ २२९ ला थांबतो. हेरोडियन २३८ ला थांबतो. त्यानंतर डेक्सिप्पुस नावाचा अथेन्सचा माणूस होता, गॉथ लोकांशी झालेल्या लढायांबद्दल त्याने लिहिलं, पण त्याचं लिखाण बहुतेक हरवलं, तुकडे उरले. मग चौथ्या शतकातले छोटे सारांश, ऑरेलियुस व्हिक्टर आणि युट्रोपियुस वगैरे, आणि गंमत म्हणजे हे एकमेकांच्या त्याच त्या चुका करतात, म्हणून १८८० च्या दशकात एन्मान नावाच्या अभ्यासकाने दाखवलं की या सगळ्यांसमोर एकच, आता हरवलेलं पुस्तक असणार. म्हणजे तुम्हाला चार साक्षीदार दिसतात, पण चौघांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं असतं. आणि झोनारास तर बाराव्या शतकातला, नऊशे वर्षांनी लिहिणारा.

आणि मग 'हिस्टोरिया ऑगस्टा'. सम्राटांच्या चरित्रांचा संग्रह आहे, वाचायला अतिशय रसाळ, कोण काय जेवायचा, कोणी कोणाला काय पत्र लिहिलं, सिनेटमध्ये कोण काय म्हणालं, सगळं साग्रसंगीत. ग्रंथ स्वतःबद्दल सांगतो की सहा वेगवेगळ्या लेखकांनी डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइनच्या काळात हे लिहिलं. १८८९ मध्ये हेर्मान डेसाउने मांडलं की हे सहा जण नाहीतच, एकच माणूस आहे आणि तो चौथ्या शतकाच्या अखेरीला लिहितोय, आणि आज बहुतेक अभ्यासक हे मान्य करतात. आतली पत्रं आणि भाषणं, विशेषतः उत्तरार्धातली, जवळजवळ सगळी रचलेली आहेत. अथेन्सच्या इतिहासात 'तीस जुलमी' प्रसिद्ध होते म्हणून यानेही 'तीस जुलमी' असं प्रकरण केलं आणि संख्या भरण्यासाठी कुठून कुठून नावं गोळा केली, त्यात पाल्मिराची राणी झेनोबिया आणि गॉलची व्हिक्टोरिया या बायकाही घातल्या. तुमचा तीसच्या वरचा आकडा बहुतेक इथून झिरपत आलेला आहे.

मराठी वाचकाला हे समजावणं खरंतर सोपं आहे, कारण बखर आणि अस्सल कागद हा फरक आपल्याला शाळेपासून माहीत असतो. बखर फेकून द्यायची नसते, तिच्यात त्या काळची माणसं कसा विचार करत होती ते असतं, पण बखरीवरून तारीख ठरवायची नसते. हिस्टोरिया ऑगस्टा तर बखरीपेक्षाही बेभरवशाची, कारण तिच्या लेखकाने जाणूनबुजून बनावट कागद घातलेत. मी संशोधनाला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी याच ग्रंथातलं सम्राट ऑरेलियनचं एक पत्र पुरावा म्हणून वापरलं होतं, माझ्या मार्गदर्शकांनी त्या पानावर फक्त "हे पत्र कोणी पाहिलं?" एवढंच लिहून कागद परत केला. तेव्हापासून कुठलाही मजकूर समोर आला की मी तोच प्रश्न विचारतो, कोणी बनवलं, कधी, आणि कोणी बघावं म्हणून.

आता ज्या वस्तू त्याच वर्षांत बनल्या त्यांच्याकडे येऊ, म्हणजे नाणी, पपायरस (इजिप्तमधला वनस्पतीपासून बनवलेला कागद) आणि शिलालेख. या शतकाचा अभ्यास खरा यांच्यावर उभा आहे.

नाण्यांचं एक उदाहरण सविस्तर सांगतो कारण ते मला फार आवडतं. १९०० साली फ्रान्समध्ये नाँतजवळ ले क्लेओँ इथे सापडलेल्या नाण्यांत एक नाणं निघालं ज्यावर 'डोमिटियानुस' नावाचा सम्राट होता. किरणांचा मुकुट, दाढी, मागच्या बाजूला सैन्याच्या एकोप्याची देवी, सगळं गॉलमधल्या त्या काळच्या नाण्यांसारखं. पण असा सम्राट कोणाला माहीत नव्हता, ग्रंथांत या नावाच्या एका बंडखोराचा ओझरता उल्लेख तेवढा होता, म्हणून बहुतेकांनी बनावट म्हणून ते बाजूला टाकलं आणि शंभर वर्षं ते तसंच पडून राहिलं. मग २००३ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या चालग्रोव्ह इथे मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एकाला मडकं सापडलं, आत पाचेक हजार नाणी, गंजून एकमेकांना चिकटून गोळा झालेली. तो गोळा ब्रिटिश म्युझियममध्ये सोडवताना आतून निघालं डोमिटियानुसचं दुसरं नाणं. आणि दोन्ही नाणी एकाच ठशांनी पाडलेली होती.

हे का महत्त्वाचं ते नीट समजून घ्या. नाणं पाडताना खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये धातूची चकती आणि वरून हातोडा. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे अक्षराची एखादी मात्रा तिरकी, मुकुटाचं टोक नाकाच्या किती वर, हे प्रत्येक ठशाचं वेगळं असतं, जसं हस्ताक्षर. एक नाणं फ्रान्समध्ये १९०० साली वर आलं, दुसरं सतराशे वर्षं इंग्लंडच्या मातीत गंजाने जखडलेलं होतं, दोन्हींवर तेच ठसे. आधुनिक काळात कोणी ते त्या गोळ्यात घुसवणं शक्यच नाही. त्यामुळे डोमिटियानुस खरा, साधारण २७१ च्या सुमाराचा, फार तर काही दिवस किंवा आठवडे टिकलेला, पण टांकसाळ ताब्यात घेण्याइतका तरी टिकलेला. एका नाण्याने यादीत एक माणूस वाढला.

आता याच्या उलट बाजू. १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात 'स्पॉन्सियन' नावाची काही सोन्याची नाणी मिळाली, त्यातलं एक ग्लासगोच्या हंटेरियन म्युझियममध्ये आहे. तीही बनावट मानली जायची. २०२२ मध्ये एका गटाने सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचे ओरखडे आणि मातीचे कण तपासून ती खरी असल्याचं मांडलं आणि जगभरच्या बातम्यांत 'हरवलेला सम्राट सापडला' झालं. पण नाण्यांवर काम करणाऱ्या अनेकांना ते पटलं नाही आणि मलाही नाही. ती नाणी ठशांनी पाडलेली नाहीत, साच्यात ओतलेली आहेत. अक्षरं विचित्र आहेत, त्या काळच्या कुठल्याही टांकसाळीच्या शैलीत ती बसत नाहीत. आणि मुख्य म्हणजे चालग्रोव्हसारखं बंद मडकं इथे नाही. उद्या एखाद्या नीट उत्खनन केलेल्या ठिकाणी स्पॉन्सियन निघाला तर मी आनंदाने मत बदलीन. तोपर्यंत कोणी व्हिडिओत स्पॉन्सियनची अख्खी कारकीर्द सांगत असेल तर ती कल्पना आहे असं धरा.

नाणं खरं असलं म्हणून त्यावरचा मजकूर खरा असतो असंही नाही. २३८ मध्ये सिनेटने पुपिएनुस आणि बाल्बिनुस या दोघांना एकत्र सम्राट नेमलं. त्यांच्या काही चांदीच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला दोन हात एकमेकांत घट्ट धरलेले आहेत आणि भोवती लिहिलंय 'आमोर मुतुउस', परस्परांवरचं प्रेम. दुसऱ्यावर 'फिदेस मुतुआ', परस्परांवरचा विश्वास. हेरोडियन, जो त्या काळात जिवंत होता, तो सांगतो की दोघांचा एकमेकांवर इतका संशय होता की राजवाड्यात प्रेटोरियन, म्हणजे सम्राटाच्या रक्षणासाठी रोममध्ये ठेवलेले, सैनिक घुसले तेव्हा जर्मन अंगरक्षकांना बोलवावं की नाही यावरच त्यांचं एकमत होईना, आणि दोघेही मारले गेले. तीनेक महिन्यांचं राज्य. ते नाणं हातात घेतलं की मला नेहमी वाटतं, ज्याने हा ठसा कोरला त्याला कोणीतरी नेमकं काय कोरायचं ते सांगितलं असणार, आणि जे सांगावं लागतं त्याचीच कुठेतरी कमतरता असते. त्याच न्यायाने या पन्नास वर्षांत 'फिदेस मिलितुम', म्हणजे सैनिकांची निष्ठा, हे शब्द नाण्यांवर किती वेळा येतात ते बघा.

चांदीची गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते पण अर्धवट. सम्राट काराकल्लाने २१५ मध्ये एक नवं नाणं काढलं, आपण त्याला अँटोनिनियानुस म्हणतो, त्यात जवळजवळ निम्मी चांदी होती. २६८ ते २७० च्या सुमाराला, क्लॉडियस दुसरा असताना, त्यातली चांदी दोन-तीन टक्क्यांवर आली, म्हणजे तांब्यावर पांढरा मुलामा. माझ्या हाताखालून यातली हजारो नाणी गेलीत, नवीन असताना चकाकत असणार, आता बहुतेकांचा मुलामा उडून तपकिरी चकती उरलीय, काहींची चकती तर इतकी लहान की सम्राटाचं नाव अर्धं बाहेरच राहिलंय. यावरून सरळ निष्कर्ष काढतात की हीण वाढलं म्हणून महागाई भडकली म्हणून लोक देशोधडीला लागले. पण इजिप्तचे पपायरस वेगळंच सांगतात. तिथे फायूममध्ये आप्पियानुस नावाच्या श्रीमंत माणसाची मोठी जमीनदारी होती आणि तिच्या थेआडेल्फिया गावच्या भागाचा कारभारी होता हेरोनिनुस, त्याचे हिशेबाचे कागद, चिठ्ठ्या, मजुरी, दारूचे माठ, गाढवांचं भाडं, सगळं साधारण २४९ ते २६८ या वर्षांचं उरलंय. म्हणजे चांदी कोसळत होती नेमक्या त्या वर्षांचं. आणि त्यात भाव आणि मजुरी बऱ्यापैकी स्थिर दिसतात. गव्हाच्या भावाची मोठी उडी, साधारण दहापट, येते २७४-२७५ च्या सुमाराला, म्हणजे ऑरेलियनने नाणी *सुधारल्यावर*. असं का, यावर वाद आहे. मला पटणारं स्पष्टीकरण असं की लोक इतकी वर्षं नाणं त्यातल्या चांदीवर नाही, सरकारने ठरवलेल्या किमतीवर घेत होते, आणि ऑरेलियनने ती ठरलेली किंमतच हलवली तेव्हा तो भरवसा तुटला.

भरवशाचा मुद्दा दिसतो असा एक कागद आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकुसला मिळालेला, नोव्हेंबर २६० चा. तिथला जिल्हाधिकारी म्हणा, स्ट्रॅटेगोस, हुकूम काढतोय: नाणी बदलून देणाऱ्या पेढ्यांच्या मालकांनी सम्राटांचं 'दैवी नाणं' घ्यायला नकार देऊन पेढ्या बंद केल्याची तक्रार आलीय, त्यांनी पेढ्या उघडाव्यात आणि उघडउघड खोटी सोडून सर्व नाणी घ्यावीत, व्यापार करणाऱ्या बाकी सगळ्यांनाही हे लागू, नाहीतर शिक्षा. जुन्या पुस्तकांत हा कागद 'चांदी संपल्याने लोकांनी नाणी नाकारली' याचा पुरावा म्हणून येतो. पण तारीख बघा. नोव्हेंबर २६० ला इजिप्त मॅक्रियानुस आणि क्वायेटुस या दोघा भावांच्या ताब्यात होतं, ज्यांनी काही आठवड्यांपूर्वीच स्वतःला सम्राट जाहीर केलेलं. पेढीवाल्याच्या जागी बसून विचार करा. उद्या हे दोघे पडले तर त्यांच्या तोंडवळ्याची नाणी माझ्या गल्ल्यात पडून, आणि मी कोणाच्या बाजूचा होतो हा प्रश्न वेगळाच. आणि खरोखर पुढच्याच वर्षी दोघे संपले. म्हणून म्हणतो की आधी तारीख, मग अर्थ.

२६० हे वर्षच तसं आहे. याच वर्षी एडेसाजवळ सम्राट व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याच्या हाती जिवंत लागला. शापूरने नक्श-ए-रुस्तमला तीन भाषांत लेख कोरून घेतलाय, व्हॅलेरियनचं सत्तर हजारांचं सैन्य होतं आणि आम्ही त्याला स्वतःच्या हाताने पकडलं, असं तो म्हणतो. त्याच लेखात तो सांगतो की २४४ मध्ये तिसरा गॉर्डियन लढाईत मारला गेला, तर रोमन लेखकांच्या मते त्याच्याच प्रीफेक्टने, म्हणजे प्रेटोरियन सैन्याच्या प्रमुखाने, फिलिपने त्याचा काटा काढला. दोन्ही बाजूंना आपापली गोष्ट सोयीची होती, आणि इथे निर्णय देण्याइतका पुरावा मला दिसत नाही.

तर व्हॅलेरियन पूर्वेला अडकला असताना पश्चिमेला काय चाललं होतं हे १९९२ पर्यंत फार धूसर होतं. त्या वर्षी जर्मनीत आउग्सबुर्गला दगडाची एक वेदी सापडली. विजयदेवतेला वाहिलेली. तिच्यावर लिहिलंय की सेम्नोनेस किंवा युथुंगी टोळीच्या लोकांना २४ आणि २५ एप्रिलला कापून काढलं आणि पळवून लावलं, इटलीतून धरून नेलेले हजारो कैदी सोडवले, आणि हे केलं रेशिया प्रांताच्या सैनिकांनी, जर्मानियातून आलेल्या तुकड्यांनी, आणि 'पोपुलारेस'नी, म्हणजे तिथल्या साध्या लोकांनी. शेवटी ११ सप्टेंबर ही तारीख आणि पोस्टुमुस सम्राटाच्या कॉन्सुलपदाचं, म्हणजे रोममधल्या सर्वोच्च वार्षिक पदाचं, वर्ष, जे बहुतेक जण २६० धरतात. यातलं एक अक्षरही कुठल्या ग्रंथात नव्हतं. टोळ्या इटलीत घुसून हजारो माणसं उचलून नेत होत्या हे कळलं, सैन्य पुरेना म्हणून गावकरी लढले हे कळलं, पोस्टुमुसला रेशियानेही मानलं होतं हे कळलं. आणि अजून एक. पोस्टुमुसचं नाव नंतर कोणीतरी छिन्नीने घासून काढलंय, म्हणजे प्रांत पुन्हा रोमच्या बाजूला गेला तेव्हा हा विजय ठेवायचा होता पण ज्याच्या नावावर मिळवला तो नको होता. वेदी मुळात जुनी, सेव्हेरुस अलेक्झांडरच्या काळातली, तिच्यावरचा पहिला मजकूर खोडून हा नवा कोरलेला. नवा दगड आणायला वेळ नव्हता की पैसे नव्हते कोण जाणे, पण एकाच दगडावर तीन राजवटींचे हात दिसतात.

पुरलेल्या मडक्यांबद्दलही एक सावधगिरी. पूर्वी सरळ हिशेब असायचा: नाणी पुरली म्हणजे भीती, मडकी जास्त म्हणजे हल्ले जास्त, नकाशावर ठिपके टाकले की टोळ्यांचा मार्ग मिळाला. २०१० मध्ये इंग्लंडात सॉमरसेटच्या फ्रोमजवळ एकाच मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, वजन १६० किलोच्या आसपास. मडकं पातळ होतं, भरलेलं असताना उचललं असतं तर फुटलं असतं, म्हणजे आधी खड्ड्यात रिकामं ठेवलं आणि मग ओतून ओतून भरलं. ज्याला परत येऊन पटकन काढून न्यायचंय तो असं करेल का? उत्खनन करणाऱ्यांना तेव्हा हे देवाला वाहिलेलं दान असावं असं वाटलं. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण तेव्हापासून मी 'मडकं म्हणजे पळापळ' असं लिहिणं सोडलं. शिवाय ज्या नाण्यांची किंमत उरली नाही ती कोणी परत काढायला आलाच नसेल, हीही शक्यता आहेच.

मग संकट होतं की नव्हतं? माझं मत सांगतो. होतं, पण सगळीकडे एकाच वेळी आणि सारखं नव्हतं. ऱ्हाइन आणि डॅन्यूबच्या काठची गावं घ्या, तिथे २५० ते २७५ हा काळ भीषण होता. २५१ ला आताच्या बल्गेरियात अब्रिटुसच्या लढाईत डेसियस मेला, परकीय शत्रूशी लढताना रणात पडला असं नक्की सांगता येणारा पहिला रोमन सम्राट. २६७ च्या सुमाराला हेरुली टोळीवाले अथेन्समध्ये घुसले. डाकिया (आताच्या रुमानियातला) प्रांत सोडून द्यावा लागला. खुद्द रोमला ऑरेलियनने २७१ पासून १९ किलोमीटरची तटबंदी बांधायला घेतली, ज्या शहराला शेकडो वर्षं नव्या भिंतीची गरज वाटली नव्हती. आणि रोगाची साथ. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की धान्यवाटपाच्या यादीत आता १४ ते ८० वयाचे सगळे मिळून पूर्वीच्या फक्त ४० ते ७० वयाच्या लोकांएवढेही भरत नाहीत. बिशपने आकडे मोजले नव्हते, पण धान्याच्या याद्या खऱ्याच असायच्या आणि वाचणाऱ्यांना त्या माहीत होत्या, म्हणून ही साक्ष मी गंभीरपणे घेतो. पण त्याच वेळी आफ्रिकेतली बरीच शहरं, ब्रिटनचा मोठा भाग इथे उत्खननात असा हाहाकार दिसत नाही.

या मतभेदांमागे अभ्यासकांचा स्वतःचा काळही असतो. रोस्तोव्त्सेफ रशियन क्रांतीत देश सोडून गेला आणि १९२६ मध्ये त्याने मांडलं की तिसरं शतक म्हणजे शेतकऱ्यांच्या सैन्याने शहरी सुशिक्षित वर्गाचा केलेला नाश. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या काही जणांनी प्रांत-प्रांत तपासून 'संकट' हा शब्दच जास्त होतो असं म्हटलं. दोघांकडूनही मी शिकलोय, पण पहिल्याच्या सिद्धांताला पुरावा तोकडा आणि दुसऱ्यांना सीमेवरच्या माणसाचं दुःख कमी दिसतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आउग्सबुर्गच्या दगडावरच्या त्या हजारो कैद्यांना सरासरी सांगून काय उपयोग.

आपल्याला जवळचा एक धागा सांगतोच. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं, भारताचा माल तिथे उतरायचा. तिथल्या इसिसच्या देवळात अलीकडच्या उत्खननात संस्कृत आणि ग्रीक असा लेख मिळाला, वसुल नावाच्या क्षत्रियाने सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी मूर्ती दिल्याचा. आणि वर्ष कसलं दिलंय? 'राजा फिलिप'चं सहावं. हा फिलिप म्हणजे तोच, गॉर्डियननंतर आलेला, ज्याने २४८ मध्ये रोमच्या हजार वर्षांचा उत्सव केला. म्हणजे आपण ज्याला संकटाचं मधलं वर्ष म्हणतो त्यात एक भारतीय माणूस रोमन सम्राटाच्या राज्यवर्षाने तारीख घालून निवांत दान देतोय. त्याच बंदरात सातवाहनांची दोन नाणीही मिळालीत, ती आधीच्या, दुसऱ्या शतकातली.

लॅटिनबद्दल. शेवटी लागतंच, ग्रीकही लागतं, त्यातून सुटका नाही. पण सुरुवातीला अडून बसू नका. नाण्यांचं आणि शिलालेखांचं लॅटिन ठरावीक साच्याचं असतं, शंभरेक संक्षेप पाठ झाले की निम्मे लेख वाचता येतात, मी विद्यार्थ्यांना दोन महिन्यांत तिथपर्यंत आणतो. रोमन नाण्यांचा 'ओक्रे' नावाचा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे, सम्राट टाका, टांकसाळ टाका, फोटोंसकट येतं. शिलालेखांना क्लाउस-स्लाबीचा डेटाबेस, पपायरसला पपायरी डॉट इन्फो, दोन्ही फुकट. पुण्या-नागपुरात बसून आज जे करता येतं त्यासाठी माझ्या आधीच्या पिढीला युरोपभर फिरावं लागायचं.

एकदम पन्नास वर्षं घेऊ नका. २३८ हे एकच वर्ष घ्या. मोठ्या कागदावर आडवे महिने लिहा आणि उभी ठिकाणं, रोम, उत्तर इटलीतलं अक्विलेया, कार्थेज, इजिप्त. हेरोडियन भाषांतरात वाचा आणि तो जे सांगतो ते पेन्सिलने भरा. मग सहाही सम्राटांची नाणी शोधून ती कुठल्या टांकसाळीची ते पेनने भरा. मग इजिप्तच्या कागदांवर कुठल्या तारखेला कोणाचं नाव आहे ते लाल शाईने, म्हणजे बातमी तिथे कधी पोचली ते कळेल. पेन्सिल आणि लाल शाई जिथे जुळत नाहीत त्या चौकटींवर खूण करून ठेवा, आणि तो कागद मला दाखवा, पुढचं तिथून बोलू.